भिंतीवरचे संगत कोन

दहावीला चांगले मार्क पडले, डी.एड.ला नंबरही लागला, तरी तू मास्तरीण न होता जन्मभर बारामतीत शिवणाचे क्लास का चालवलेस, असं मला आजवर कितीतरी जणांनी विचारलं. मी ज्याला त्याला वेगळं कारण सांगितलं. लग्न ठरलं म्हणून, आईला बरं नव्हतं म्हणून, काय वाटेल ते. खरं कारण तोंडातून निघालं नाही. आता सत्तरीकडं झुकल्यावर कुणाची भीडभाड ठेवायची? मला शाळेची किळस आली होती. भाजीत झुरळ निघावं आणि पुढं महिनाभर ती भाजी समोर आली तरी ताट सरकवावं, तशी किळस. ती आली आठवीत, भूमितीच्या तासाला, आणि तिच्यातला निम्मा वाटा माझा स्वतःचा होता म्हणून ती गेलीही नाही. भूमितीचा बिचारीचा ह्यात काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं घर निरवांगीत, रस्त्याच्या कडेला. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, पेंटर होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दुकानांच्या पाट्या, लग्नघराच्या दारावरचे गणपती, निवडणुकीतली चिन्हं, जे येईल ते रंगवायचे. दोन खोल्यांच्या त्या घरात एका भिंतीला रंगाचे डबे रचलेले, रॉकेलच्या वाटीत ब्रश बुडालेले, आणि टर्पेंटाइनचा वास पार चुलीपर्यंत पोचलेला. आईचा त्या वासावर दात. "ह्या घरात पिठालासुदीक रंगाचा वास लागतोय," म्हणत ती पिठाच्या डब्याला फडकं बांधायची. तरी भाकरीला तो लागायचाच. हुलग्याच्या शेंगोळ्या शिजत घातल्या की मात्र लसणापुढं रंगाचं काही चालायचं नाही, म्हणून आमच्याकडं आठवड्यातून तीनदा शेंगोळ्या. तात्या कामावरून आले की आधी रॉकेलनं हात धुवायचे, मग राखेनं, मग साबणानं, आणि इतकं करून नखांत निळं-तांबडं राहायचंच. मला त्या हातांची कधी घाण वाटली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं ज्या हातांबद्दल सांगणार आहे ते बघून मला ओकारी यायची.

सुट्टीच्या दिवशी मी तात्यांबरोबर कामावर जायची. माझं काम दोरी धरायचं. सुती दोरी निळीच्या पाण्यात भिजवायची, एक टोक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं, भिंतीवर ताणून धरायची आणि त्यांनी ती मधोमध चिमटीत धरून सोडायची. टण् असा आवाज व्हायचा, निळीचे चार थेंब माझ्या तोंडावर उडायचे आणि भिंतीवर रेघ उमटायची. मग तात्या दहा पावलं मागं जायचे, एक डोळा मिटायचे आणि स्वतःलाच विचारायचे, "नजर काय म्हंती?" नजर म्हणेल तो शेवटचा शब्द. गवंड्यासारखी पाण्याची नळी लावून लेव्हल बघणं त्यांना पटायचं नाही. त्यांचं म्हणणं, आपल्याकडं एक दुकान धड सरळ नाही. कुणाचा पत्रा उतरता, कुणाचा ओटा चढता. असल्या दुकानावर लेव्हलमध्ये पाटी लिहिली की पाटीच वाकडी दिसते आणि दुकानदार पेंटरच्या नावानं शंख करतो. म्हणून ते अक्षरांच्या ओळी पत्र्याच्या कलानं घ्यायचे आणि बघणाऱ्याला सगळं ताठ दिसायचं. इंदापूरच्या पेठेत त्यांच्या हातची एकही पाटी वाकडी वाटायची नाही, ती ह्या युक्तीमुळं. त्यांना त्याचा अभिमान होता आणि मला त्यांचा.

शाळेत भूमितीला जे सर होते त्यांना आम्ही गुण्यासर म्हणायचो. फळ्यावर काटकोन काढायचा लाकडी गुण्या कायम त्यांच्या हातात, आणि तो फळ्यावर कमी, आमच्या बोटांवर जास्त चालायचा. तंबाखू खालच्या ओठात धरून ते शिकवायचे. बोलताना शब्द तोंडातल्या तोंडात लोळायचे आणि दर पाच मिनिटांनी खिडकीबाहेर पिचकारी. बाहेर म्हणायचं आपलं, निम्मी चौकटीवरच. त्या चौकटीला तपकिरी ओघळांची खपली धरली होती आणि खिडकीशेजारचा बाक रिकामाच असायचा. मळलेला तंबाखू झाडून ते पँटीला हात पुसायचे, त्याच हातानं खडू घ्यायचे, आणि "चल, फळ्यावर ये" म्हणून तोच ओलसर खडू आमच्या हातात द्यायचे. शी! उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा मी तो दोन बोटांत धरायची. आज हे लिहितानासुद्धा मी मध्ये उठून हात धुऊन आले, आता हसा.

त्यांचं शिकवणं म्हणजे फळ्यावर पट्टीशिवाय दोन आडव्या रेघा मारायच्या, त्यांना छेदणारी एक तिरकी, आणि ओरडायचं, "ह्या दोन समांतर. ही छेदिका. संगत कोन?" वर्ग बोंबलायचा, "समाऽऽन!" "व्युत्क्रम कोन?" "समाऽऽन!" "आंतरकोनांची बेरीज?" "एकशेऐंशीऽऽ!" फळ्यावरची त्यांची एक रेघ बारामतीला निघालेली असायची आणि दुसरी भिगवणला, पण कोनांत दोन्हीकडं ऐटीत पासष्ट-पासष्ट लिहिलेलं. कुणाला त्यात काही खटकायचं नाही. खटकायचं ते फक्त शकिलाला.

शकिला माझ्या शेजारी बसायची. तिच्या वडिलांची गावात पिठाची गिरणी होती, त्यामुळं तिच्या भुवयांवर कायम थोडं पीठ. बोलायला कमी, पण एखादी गोष्ट कळली नाही की तिला चैन पडायचं नाही. एकदा तिनं उभं राहून विचारलं, "सर, दोन रेघा समांतर हायती का न्हाईत, हे वळखायचं कसं?" सर म्हणाले, "मी सांगतो म्हणून. बस खाली." वर्ग फिदीफिदी हसला, मीही हसले. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता तिनं माझ्या वहीच्या छापील रेघांवर पट्टी तिरकी ठेवली आणि म्हणाली, "हे बघ मंदे. पट्टी दोनी रेघांना सारखीच तिरकी बसली पायजे. एका रेघंला जरा जास्त तिरकी बसली, म्हंजी त्या रेघा पुढं कुठंतरी एकमेकींना गाठणार. सर उलटं सांगत्यात. कोन सारखं हायती का ते आधी मोजायचं, मग समांतर म्हणायचं." मला त्या दिवशी संगत कोन कळले. सरांनी महिनाभर घसा फोडून जे आमच्या डोक्यात गेलं नव्हतं, ते तिनं अर्धी भाकरी संपायच्या आत घातलं.

त्या साली तपासणीला वरचे मोठे साहेब येणार अशी बातमी आली आणि शाळेच्या अंगात आलं. हेडसरांनी ठरवलं, पुढच्या सगळ्या भिंती रंगवून काढायच्या. नकाशा, फुलाचे भाग, सुविचार आणि भूमितीची एक मोठी आकृती. काम तात्यांना मिळालं. वर हेडसर म्हणाले, "साहेब खूश झाले तर तालुक्यातल्या बाकीच्या शाळांनाही तुमचंच नाव सांगतो." घरी तात्यांचा पाय जमिनीवर ठरेना. "वरकुट्यापासनं पार इंदापूरपतोर पोरं माज्या हातचा नकाशा बघून शिकत्याल," ते आईला म्हणाले. स्वतः ते चौथीतून बाहेर पडलेले. शाळेच्या भिंतीला हात लावायच्या आधी त्यांनी त्या दिवशी चप्पल काढून ठेवली होती, ते मला अजून दिसतं.

भूमितीची आकृती रविवारी काढली. मी दोरीला, आणि शकिला सहज म्हणून येऊन पायरीवर बसलेली. शाळेच्या त्या खोल्यांचा पत्रा एका बाजूला चांगलाच उतरता होता. पावसाचं पाणी कोपऱ्यातल्या टाकीत जावं म्हणून गवंड्यानं तसा घातला होता. तात्यांनी खालची रेघ जोत्याच्या पट्ट्याला धरून मारली. चार हात लांब. वरची रेघ दोन्ही टोकांना दोन-दोन हात मोजून मारली. टण्! मग मागं जाऊन एक डोळा मिटला आणि तोंड वाकडं केलं. "न्हाय गं. पत्र्याम्होरं ही रेघ पडल्यासारखी दिसाय लागली. नजरंला टोचती." त्यांनी ओल्या फडक्यानं निळी रेघ पुसली. मला म्हणाले, "मंदे, तुझं टोक चार बोटं खाली घे." मी घेतलं. टण्! परत मागं गेले. "आता कशी गप बसली बघ नजर!" खरंच, पत्र्याखाली ती रेघ लेव्हलमध्ये असल्यासारखी दिसत होती. मग त्यांनी तिरकी छेदिका काढली, कोनांच्या कमानी तांबड्या रंगानं भरल्या आणि वर्गात खुर्चीत पेंगणाऱ्या गुण्यासरांना हाक मारली, "सर, कोन किती लिवू?" सरांनी जागचं न हलता आवाज दिला, "साठ टाका. दोन्हीकडं साठ." तात्यांनी झोकदार आकड्यांत साठ-साठ लिहिलं. खालचा कोन योगायोगानं साठाचाच पडला होता. शकिला भिंतीकडं टक लावून बघत होती.

साहेबांना कृती दाखवायची म्हणून सरांनी दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू केली. कपाटातला मोठा लाकडी कोनमापक काढला. एकीनं तो भिंतीवर लावायचा, दोन्ही संगत कोन मोजून मोठ्यानं सांगायचे आणि बाकीच्या वर्गानं "समाऽऽन" म्हणायचं. अक्षर चांगलं आणि कपडे स्वच्छ म्हणून शकिलाला आणि मला निवडलं. आधी शकिला गेली. खालच्या कोनाला लावून म्हणाली, "साठ." वरच्या कोनाला लावलं आणि ती थांबली. परत लावलं. मग म्हणाली, "त्रेसष्ट."

"नीट बघ."

"त्रेसष्टच येतंय, सर."

गुण्याची कड तिच्या बोटांच्या पेरांवर बसली. कट् असा आवाज आला. "डोळे फुटले का गं तुझे? पुस्तकात काय लिहिलंय? संगत कोन?"

"समान."

"मग त्रेसष्ट कसे येतील?"

"सर," शकिला हात काखेत दाबून म्हणाली, "रेघा समांतर असल्या तर समान. ह्या रेघा समांतर न्हाईत."

मला वाटतं त्या शाळेत भूमितीतलं खरं असं एकच वाक्य आजवर बोललं गेलं असेल, आणि ते एका तेरा वर्षांच्या पोरीनं मार खाऊन बोललं. सरांचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यांना ते कळलं नसतं तर मी त्यांना माफ केलं असतं. पण त्यांना कळलं होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, एका क्षणात त्यांना सगळं कळलं; आपण न मोजता साठ सांगितलेत हेही आठवलं. मग त्यांनी ओठातला तंबाखू जिभेनं इकडचा तिकडं केला आणि हसले. ते हसू मी कधीही विसरणार नाही, इतकं ते ओंगळ होतं. माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हणजे पेंटर चुकला म्हणायचा. काय गं मंदा, तुझा बाप चुकला का? जाऊन सांगू का हेडसरांना, भिंत चुना लावून पुसा म्हणून? दुसरा पेंटर बघू."

माझ्या डोळ्यांपुढं तात्यांची काढून ठेवलेली चप्पल आली. मी म्हणाले, "न्हाई सर."

"मग मोज."

मी कोनमापक घेतला. त्याच्या कडेला सरांच्या बोटांचा ओला डाग होता. वरच्या रेघेवर लावला आणि बघितलं, त्रेसष्ट. मग तो जरासा, अगदी जरासा फिरवला, बूड रेघेवरून सुटेपर्यंत, आणि वाचलं, "साठ." आवाज माझा स्वच्छ निघाला. कापला नाही, अडखळला नाही. वर्ग ओरडला, "समाऽऽन!" सर म्हणाले, "शाब्बास," आणि त्याच हातानं माझी पाठ थोपटली. घरी गेल्यावर मी ते पोलकं बादलीत टाकलं आणि तीनदा धुतलं. शकिला बाकावर येऊन बसली तेव्हा तिनं दप्तर उचलून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं. त्या रात्री शेंगोळ्या होत्या. मी दोन घास खाल्ले आणि पोटात दुखतंय म्हणून उठले. तात्या विचारत होते, "माजी भिंत कुणी बघितली का गं? काय म्हणत्यात सर?" मी म्हणाले, "चांगली म्हणत्यात."

तपासणीच्या दिवशी आम्हाला नऊपासून उन्हात उभं केलं. साहेब आले दोनला. तोवर दोन पोरी चक्कर येऊन पडल्या होत्या आणि त्यांना उचलून रंगवलेल्या भिंतीच्या सावलीत ठेवलं होतं, तेसुद्धा भिंतीला टेकू नका असं बजावून. प्रयोगशाळेत स्टोव्हवर कोंबडी शिजत होती. वरच्या वर्गातल्या मुलींना कांदा चिरायला बसवलं होतं आणि जिथं आम्ही लिटमसचे कागद बुडवायचो त्या टेबलावर हाडांचं ताट. तो तिखट, तेलकट वास उपाशी पोटी डोक्यात जात होता. साहेब उतरले, हेडसरांनी हार घातला, आणि साहेब थेट जेवायलाच गेले. तासाभरानं बाहेर आले ते काडीनं दात कोरत. मागं गुण्यासर, हेडसर, सगळे वाकून वाकून. त्या दिवशी सरांच्या ओठात तंबाखू नव्हता, म्हणून तोंड कसं ओकंबोकं दिसत होतं. तात्यांना हेडसरांनी मुद्दाम बोलावलं होतं. ते धुतलेला सदरा घालून, टोपी हातात घेऊन लिंबाच्या झाडाखाली उभे होते.

मला पुढं बोलावलं. मी कोनमापक खालच्या कोनाला लावला आणि म्हणाले, "साठ अंश." वरच्या कोनाला लावला, पाठमोरी असल्यानं कुणाला दिसणार नाही अशा बेतानं फिरवला आणि म्हणाले, "साठ अंश." रांगेतून आवाज आला, "समाऽऽन!" त्या ओरडण्यात शकिलाचा आवाज नव्हता, कारण सरांनी तिला त्या दिवशी घरीच राहायला सांगितलं होतं. मी साहेबांकडं बघितलं. साहेब भिंतीकडं बघतच नव्हते. दातातून निघालेला कोंबडीचा तंतू काडीच्या टोकावर धरून ते बघत होते. मग काडी टाकली, ढेकर दिला आणि म्हणाले, "वा. छान." ज्याच्यासाठी मी खोटं बोलले, शकिलाची बोटं सुजली, शंभर पोरं उन्हात भाजली, त्या माणसानं भिंत बघितलीसुद्धा नाही. वहीत शेरा लिहिला, नारळ-टॉवेल घेतला आणि जीप गेली. मला तिथंच भडभडून आलं. पोटात काही नव्हतं म्हणून नुसतंच पाणी पडलं. बायांनो, पोरांना शाळेत घालताना शाळेची इमारत, मैदान काय काय बघता. मास्तर चूक कबूल करतो का, एवढं एक बघा.

तात्या सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत निघाले. मला वाटलं, लेकीचं कौतुक मनात चाललंय. ओढ्यापाशी आल्यावर ते थांबले.

"मंदे, ती लाकडाची चकती तू वरच्या रेघंवर सरळ बशिवली नव्हतीस."

मी तशीच पुढं चालायला लागले.

"लिंबाखालनं दिसलं मला. खाली कशी तंतोतंत बसली, आन् वर तिचं बूड रेघ सोडून व्हतं. का गं?"

दहा पावलं मागं उभं राहून वाकडं-सरळ ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्यापुढं मी पाठमोरी राहून काय झाकणार होते! मी मागं वळले आणि सगळं सांगून टाकलं. त्रेसष्ट कुठून आले, शकिला काय म्हणाली, सर काय म्हणाले, गुण्या कुठं बसला, सगळं. समांतर म्हणजे दोन्ही टोकांना अंतर सारखं, हेही सांगितलं. तात्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी मी पयली मारलेली रेघ बरूबर व्हती. ती पुसली आन् ही ठेवली." थोडं थांबून म्हणाले, "दुकानाच्या पाटीला चालतं गं ते. साळंला न्हाय चालत. मला कुणी सांगायला पायजे व्हतं." आणि त्यांनी सायकल उलटी फिरवली.

शाळेत हेडसर आणि गुण्यासर उरलेल्या रश्श्यावर बसले होते. तात्या दारातूनच म्हणाले, "सर, माजी वरची रेघ चुकलीया. उद्या सकाळच्या पारी येतो, पुसून नव्यानं मारतो. काम माजं, चूक माजी." गुण्यासर जेवणावरून मान वर न करता म्हणाले, "कोण म्हणतं चुकलीय?" तात्या म्हणाले, "ती गिरणीवाल्यांची पोरगी म्हंती. बरूबर म्हंती." हेडसरांनी बोटं चाटली. म्हणाले, "पेंटर, साहेबांनी शेरा दिलाय. आता त्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही. लावलात तर बाकीच्या शाळांची कामं विसरा." गुण्यासर हसले आणि एक हाड चोखून ताटात टाकलं. तात्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच ती किळस बघितली, जी मला महिनोन् महिने येत होती. पुढं बाकीच्या शाळांचं काम त्यांच्याकडं आलं, तेव्हा ते नाही म्हणाले. आई कितीतरी दिवस त्यांच्याशी भांडत होती.

ती भिंत तशीच राहिली. मी दहावी होऊन बाहेर पडले तरी तशीच होती, आणि दरवर्षी आठवीतली एक पोर तिला कोनमापक लावून दोन्हीकडं साठ वाचत होती. म्हणजे दरवर्षी एकीला खोटं बोलायला शिकवत होते, आणि बाकीच्यांना ते बघून टाळ्या वाजवायला. डी.एड.चं पत्र आलं तेव्हा मला ती पोरींची रांगच दिसली, आणि रांगेच्या पुढं गुण्या हातात घेतलेली मी. मी ते पत्र चुलीत घातलं.

पण त्या संध्याकाळी शाळेतून निघालो ते आम्ही घरी गेलो नाही. तात्यांनी सायकल गिरणीकडं वळवली. मी म्हणाले, "तात्या, नगं ना," पण त्यांनी ऐकलं नाही. गिरणी सुरू होती. पट्ट्याचा फटफट आवाज, हवेत पिठाचा धुरळा, आणि शकिला एका हातानं पोत्याचं तोंड धरून उभी. दुसऱ्या हाताच्या बोटांना हळद लावून चिंधी गुंडाळलेली. चार बाया दळणाला आलेल्या. शकिलाच्या वडिलांनी तात्यांना बघून पट्टा सरकवला, घरघर थांबली. सगळ्यांच्या देखत तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"पोरी," ते म्हणाले, "तू बरूबर व्हतीस. रेघ माजी चुकली. माज्यापायी तुला मार बसला. मला माफ कर."

शकिलाचे वडील गडबडले. "आवं पेंटर, लेकरापुढं कशाला..." शकिलानं मात्र तात्यांकडं सरळ बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि रागही नव्हता.

"तुमाला ठावं नव्हतं, काका," ती म्हणाली. "तुमी नजरंनं मारली. मी पायरीवर बसून बघत व्हते ना." मग माझ्याकडं न बघता तिनं पोत्याच्या तोंडाला सुतळी गुंडाळायला घेतली, एका हातानं, दातात एक टोक धरून. गाठ बसल्यावर म्हणाली, "मंदीला ठावं व्हतं."